कचेरीतल्या संगणकांची रात्र

गोष्ट २००४ सालची. परीक्षेचे दिवस होते. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आटोपून आम्ही तिघे प्राध्यापक रात्री नऊच्या सुमारास महाविद्यालयाचा जिना उतरत होतो. व्हरांड्यातले दिवे मालवलेले होते, वर्गांना कुलपे लागली होती आणि कार्यालयाच्या बंद काचांतून मात्र निळसर उजेड बाहेर सांडत होता. काचेला डोळे लावून पाहिले, तर आत चार पडदे जागे. तिघांवर रंगीत नळ्या एकमेकींत गुंतत वाढत होत्या. चौथ्यावर 'शिवाजी' टंकात लिहिलेले महाविद्यालयाचे ब्रीदवाक्य उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत होते. ते वाचायला खोलीत कोणी नव्हते.

शिपाईमामा फाटकाचे कुलूप घेऊन उभेच होते. आम्ही काचेकडे बोट दाखविले. ते म्हणाले, "दिवे-पंखे माझ्याकडं, सर. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असं सांगितलंय. उद्या काही बिघडलं, तर भरून कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यापकाला शोभेल असेच केले. सुवाच्य अक्षरांत एक सूचना लिहिली, 'वापर संपल्यावर संगणक बंद करावा' आणि ती कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवली. शुद्धलेखनाची एकही चूक तीत नव्हती. आठवड्याने पाहिले, तर ब्रीदवाक्य पूर्ववत सरकत होते.

मराठीच्या अध्यापकांनी विजेच्या बिलात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्या रात्रीपासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे, की पुढे वाचू लागलो तेव्हा कचेरीतल्या संगणकांच्या रात्रीचा हा इतिहास जितका वॅटांचा, तितकाच शब्दांचा आणि त्यांच्या गैरसमजांचा आहे असे दिसले.

आपल्याकडे दिवा विझवला असे म्हणत नाहीत. तो मालवतात किंवा शांत करतात. कंदिलाच्या काळात तर या क्रियेला पायऱ्या होत्या. वात मोठी करायची, बारीक करायची आणि मग मालवायची. निजानीज झाली की घरातले कोणीतरी कंदिलाची वात पार खाली नेऊन तो ओट्याच्या कोपऱ्यात ठेवी. रात्री कोणाला उठावे लागले, तर वात वर केली की काम भागे. आजचे अभियंते ज्याला 'लो पॉवर मोड' म्हणतात, तो हाच बारीक केलेला कंदील. फरक एवढाच, की वातीची किल्ली फिरवणारा हात आणि रेशनच्या रांगेतून रॉकेल आणणारा हात एकाच घरातले होते. कचेरीत हे हात वेगळे झाले. संगणक एकाचा, बिल दुसऱ्याचे, देखभाल तिसऱ्याची आणि कुलूप चौथ्याचे. या विभागणीकडे दुर्लक्ष करून पुढचा इतिहास वाचला, तर तो केवळ आळशी माणसांचा इतिहास वाटेल आणि तसे वाटणे अन्यायाचे होईल.

आधी थोडे अंकगणित. वर्षाचे तास ८,७६०. अमेरिकेतील कचेरी आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे चालते असे धरले, तर कामाचे तास २,००० होतात. उरलेले ६,७६० तास, म्हणजे तीन-चतुर्थांशांहूनही अधिक काळ, खोली रिकामी असते. १९९० च्या दशकातील साधा संगणक ६० वॅट आणि त्याचा काचेच्या नळीचा पडदा ८० वॅट घेतो असे ढोबळमानाने मानू या. कामाच्या वेळात दोहोंची मिळून २८० युनिटे खर्ची पडतात आणि कोणी नसताना साडेनऊशेच्या आसपास. मुख्य जेवणापेक्षा उष्टे तिपटीहून अधिक, असा हा प्रकार. एका यंत्राचे हे बिल कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण एका मजल्यावर अशी दोनशे यंत्रे असतात.

पडद्यावरच्या त्या नळ्यांची आणि सरकत्या ब्रीदाची कथा मात्र याहून जुनी आहे आणि तिचा विजेच्या बचतीशी मुळात संबंध नाही. काचेच्या नळीच्या पडद्यावर आतून फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असे. त्यावर एकच चित्र दिवसेंदिवस तसेच राहिले, तर लेप तेवढ्या जागी झिजे आणि चित्राचे भूत कायमचे उमटे. यावर उपाय म्हणून जॉन सोचा या प्रोग्रामरने लिहिलेला छोटा प्रोग्राम 'सॉफ्टॉक' या मासिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकात छापून आला. तीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही, की तो पडदा काळा करी. एवढेच त्याचे काम. या 'स्क्रीन सेव्हर'ने पडद्याचा लेप वाचवायचा होता. पुढे १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्स या कंपनीचे 'आफ्टर डार्क' आले, आणि पंख फुटलेले टोस्टर पडद्यावरून उडू लागले. मूळ काळोखाची जागा करमणुकीने घेतली. पडदा काळा असताना निदान किरणशलाकेची थोडी वीज वाचे. आता रात्रभर चित्रे रंगवण्यासाठी पडदाही पूर्ण तेजाने जळू लागला आणि खालचा प्रोसेसरही राबू लागला.

आणि नाव तर 'सेव्हर'! आमच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक, अत्यंत काटकसरी गृहस्थ, पाठकोऱ्या कागदांवर टिपणे काढणारे. सूचना वाचून ते आम्हांला म्हणाले, "अहो, सेव्हर लावलेला आहे की मी! पाच मिनिटांत सुरू होतो." त्यांची चूक भाषेची होती, वृत्तीची नव्हती. 'सेव्ह' या क्रियापदाचे कर्म अध्याहृत राहिले की काय होते, याचे इतके खर्चिक उदाहरण व्याकरणाच्या तासाला आम्हांला दुसरे सापडलेले नाही.

आणखी एक गंमत यंत्राच्या पोटातली. त्या काळात घरोघरी आणि कचेऱ्यांत पसरलेल्या 'विंडोज ९५'मध्ये प्रोसेसरला काही काम नसले, तरी तो थांबत नसे. काम आहे का, काम आहे का, असे विचारत एका रिकाम्या फेऱ्यात तो पूर्ण वेगाने फिरत राही. थांबण्याचा आदेश त्याच्या आदेशसंचात उपलब्ध होता. वापरला जात नव्हता. 'विंडोज एनटी' तो वापरी. म्हणजे एकाच जातीच्या प्रोसेसरला एका घरात विश्रांती मिळे आणि दुसऱ्या घरात काहीही न करण्यासाठी रात्रभर धावावे लागे.

यंत्राला झोपवण्याची विद्या आली ती टंचाईच्या घरातून. मांडीवरच्या संगणकाला भिंतीतून वीज मिळत नसे. बॅटरी दोन-तीन तासांत संपे. म्हणून इंटेलने ऑक्टोबर १९९० मध्ये ३८६एसएल हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला, त्यात वीज राखून वापरण्याची सोय घातली. जानेवारी १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट' ही पद्धती प्रसिद्ध केली. ज्याचे रॉकेल मोजके, त्यालाच वात बारीक करण्याची कला आधी साधते. टेबलावरच्या संगणकांना ती शिकण्याची निकड नव्हती, कारण त्यांची वीज भिंतीतून अखंड येई आणि तिचे पैसे वापरणाऱ्याच्या खिशातून जात नसत.

ही निकड बाहेरून निर्माण केली ती अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेने. १९९२ मध्ये तिने 'एनर्जी स्टार' ही योजना सुरू केली आणि पहिली दोन उत्पादने निवडली ती संगणक आणि मॉनिटर. अट साधी होती. काम थांबल्यावर संगणकाने आणि पडद्याने आपणहून कमी विजेच्या अवस्थेत जावे आणि तेथे प्रत्येकाने ३० वॅटांहून अधिक वीज घेऊ नये. सक्ती नव्हती, दंड नव्हता. अट पाळली तर एक चिन्ह मिरवायला मिळे. असे चिन्ह लावून कोणाचे काय अडणार, असे आज वाटेल. परंतु २१ एप्रिल १९९३ रोजी, वसुंधरा दिनाच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १२८४५ क्रमांकाचा आदेश काढला आणि सरकारी खात्यांनी यापुढे एनर्जी स्टारच्या अटीत बसणारीच यंत्रे घ्यावीत असे फर्मावले. अमेरिकेचे संघराज्य सरकार हे जगातील सर्वांत मोठ्या संगणक-खरेदीदारांपैकी एक. असे गिऱ्हाईक हातचे कोण जाऊ देईल? ऐच्छिक चिन्ह हां हां म्हणता सर्व कारखान्यांत पोहोचले.

त्या आदेशातले एक कलम आम्हांला फार शहाणपणाचे वाटते. कमी विजेची ही सोय यंत्र कारखान्यातून निघतानाच चालू केलेली असली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. सोय आहे, हवी त्याने चालू करावी, असे नव्हे. कलम लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. आपण घर घेतो तेव्हा पंख्याचे बटण जेथे असते, तेथेच ते जन्मभर राहते.

मग एवढे सारे झाल्यावर २००४ मध्ये आमच्या कार्यालयात, आणि अमेरिकेतही, पडदे आणि पेट्या जाग्या कशा राहिल्या?

याचे उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संशोधक चक्क रात्री कचेऱ्यांतून फिरले. आम्हांला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत आवडता प्रसंग आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्निया, जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील कचेऱ्या, शिक्षणसंस्था आणि वैद्यकीय इमारती त्यांनी निवडल्या. कर्मचारी घरी गेल्यावर टेबलामागून टेबल पाहत, कोणते यंत्र बंद आहे, कोणते झोपले आहे आणि कोणते टक्क जागे आहे याची नोंद केली. आढळले ते असे, की टेबलावरच्या संगणकांपैकी सुमारे ३६ टक्केच बंद केलेले होते. जे बंद नव्हते, त्यांपैकी आपणहून झोपलेले केवळ ६ टक्क्यांच्या आसपास. बाकीचे सारे रात्रभर जागे. आणि पडदे? चालू ठेवलेल्या पडद्यांपैकी बहुसंख्य शहाण्या मुलांसारखे झोपी गेले होते.

यंत्रे एकाच खोलीतली, वापरणारी माणसे तीच. पडदा झोपतो आणि पेटी जागी राहते, याचा अर्थ दोष माणसांच्या सवयीवर ढकलता येत नाही. पडद्याच्या झोपेने कोणाचे काही बिघडत नव्हते. पेटी झोपली की जाळ्याशी तिचा संबंध तुटे, उघडे राहिलेले काम कधी हरवे, आणि सुरुवातीच्या त्या पद्धतीत काही यंत्रे झोपली ती उठतच नसत. संगणक विभागाला तर रात्रच हवी होती. विषाणूंची तपासणी, नव्या दुरुस्त्या, साठवणीच्या प्रती ही कामे दिवसा केली तर कर्मचारी ओरडत, म्हणून ती रात्री. त्यामुळे 'जाताना संगणक बंद करू नये' असा हुकूम अनेक कचेऱ्यांत संगणक विभागच काढी. कारखान्याने चालू करून पाठवलेली सोय यंत्र टेबलावर येण्यापूर्वीच तो बंद करून टाकी. बिल भरणारा हिशेब विभाग दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या हाती महिन्याला एक आकडा येई, त्यात उद्वाहन, वातानुकूलन, दिवे, चहाचे यंत्र आणि संगणक एकत्र मिसळलेले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यापेक्षा सोयीचे घर नाही, आणि येथे तर हलवाईसुद्धा कोण, ते कोणाला नक्की ठाऊक नव्हते. शिपाईमामांचे बोलणे आम्हांला आठवले ते हा अहवाल वाचताना.

संगणक विभागाची अडचण सुटावी म्हणून एक उपायही निघाला होता, आणि तो मोठा रम्य आहे. झोपलेल्या यंत्राला दुरून जाळ्यामार्फत हाक मारून उठवायचे. १९९७ मध्ये इंटेल आणि आयबीएम यांनी 'वेक ऑन लॅन' म्हणून पुढे आणलेली ही सोय. हाक कशी मारायची तेही ठरलेले आहे. आधी सर्व एककांनी भरलेले सहा बाइट पाठवायचे आणि मग त्या यंत्राच्या जाळ्यातील पत्त्याचा सोळा वेळा उच्चार करायचा. या हाकेला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात. आम्हांला तो षोडशोपचार वाटला. कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले, येथे नामोच्चार पुरे. मात्र नाव ऐकण्यासाठी कान उघडा लागतो, म्हणून जाळ्याच्या कार्डाला झोपेतही थोडी वीज पुरवावी लागे. शिवाय ही सोय पेटीत, कार्डात आणि जाळ्यात अशी तिन्ही ठिकाणी चालू केलेली असावी लागे. बहुतेक कचेऱ्यांना त्यापेक्षा यंत्र जागे ठेवणेच सोपे वाटले.

याच काळात रात्रीच्या जागरणाला एक उदात्त हेतूही लाभला. १७ मे १९९९ रोजी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केले. आपला संगणक रिकामा असताना रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींचे तुकडे त्याने तपासायचे आणि परग्रहावरून कोणी बोलते आहे का ते शोधायचे. दिसायला तो एक स्क्रीन सेव्हरच होता. जगभरच्या पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो घेतला, आणि ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबेपर्यंत तो चालला. रिकाम्या वेळाचे दान, अशी त्यामागची कल्पना. वेळ खरेच रिकामा होता. वीज रिकामी नव्हती; रिकामा प्रोसेसर आणि राबणारा प्रोसेसर यांच्या बिलात फरक पडतो. कचेरीतल्या यंत्रावर हे दान करणारा स्वतः उदार होता, पण देत होता ते मालकाचे. तरीही, खरे सांगायचे तर, आमची सहानुभूती त्याच्याकडेच झुकते. आमच्या कार्यालयातल्या नळ्या रात्रभर कोणालाच शोधत नव्हत्या.

आता शब्दांकडे येतो. एनर्जी स्टारला दहा वर्षे झाल्यावर बर्कली प्रयोगशाळेतील ब्रूस नॉर्डमन आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच निष्कर्षाला आले होते. लोक यंत्र झोपवत नाहीत याचे एक कारण झोपेला नाव नाही, हे आहे. एक कारखाना 'स्टँडबाय' म्हणे, दुसरा 'सस्पेंड', तिसरा 'स्लीप', चौथा आणखी काही. एकाच्या 'स्टँडबाय'चा अर्थ दुसऱ्याच्या लेखी बंद असा होई. दिवा नारिंगी झाला तर यंत्र झोपले की बिघडले, हे माहितीपुस्तिका वाचल्यावाचून कळत नसे. तुटक वर्तुळातून वर आलेली उभी रेघ, हे आज प्रत्येक यंत्रावर दिसणारे चिन्ह. त्याचा जुन्या मानकातला अर्थ 'स्टँडबाय' होता आणि लोक मात्र ते चालू-बंदचे बटण म्हणून दाबत. थोडक्यात, परिभाषेची जी दशा आपल्या विद्यापीठांत समीक्षेच्या पेपरात होते, तीच येथे झाली होती.

विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २००४ मध्ये १६२१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध करून हा घोळ निस्तरला. अवस्था तीनच : चालू, बंद आणि निद्रा. निद्रेला 'स्लीप' हाच शब्द. चालूसाठी हिरवा दिवा, निद्रेसाठी नारिंगी, बंदसाठी दिवा नाही. तुटक वर्तुळाच्या चिन्हाला लोकांनी रूढ केलेला अर्थच अधिकृत झाला. आणि निद्रेचे चिन्ह चंद्रकोर. या मानकात विजेचा एकही नियम नाही, वॅटांची मर्यादा नाही. त्यात आहे ती केवळ शब्दांची, रंगांची आणि चिन्हांची निश्चिती. लोक यंत्राकडे प्राण्यासारखे पाहतात, त्याला झोप येते आणि ते जागे होते अशा बोलीत ते आधीच बोलत असतात. म्हणून तेच रूपक पक्के करावे, असा त्यामागचा विचार होता. रूपक हा भाषेचा अलंकार, असे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. येथे रूपक हे कामाचे अवजार म्हणून निवडले गेले होते. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज एक्सपी'त 'स्टँड बाय' होते, त्यानंतरच्या 'व्हिस्टा'त 'स्लीप' आले. यंत्रातील मजकूर डिस्कवर उतरवून पूर्ण निजण्याला 'हायबरनेट' म्हणतात. त्याला मराठीत 'शीतनिद्रा' हा जीवशास्त्राच्या पुस्तकातला शब्द तयारच होता. मात्र हा शब्द उष्ण कटिबंधातल्या कार्यालयात ऐकताना अजूनही हसू येते.

खरे वळण आले २००७ च्या आसपास. एक्सपीमध्ये टेबलावरची पेटी आपणहून कधीच झोपू नये अशी आरंभीची मांडणी असे. व्हिस्टामध्ये ती तासाभराने झोपावी अशी झाली. शिवाय शेकडो यंत्रांची निजण्याची वेळ एकाच जागेवरून ठरविण्याची सोय संगणक विभागाच्या हाती प्रथमच विंडोजमध्येच मिळाली. त्याच वर्षी, २० जुलैपासून, एनर्जी स्टारची चौथी आवृत्ती लागू झाली. पडदा १५ मिनिटांनी आणि संगणक ३० मिनिटांनी झोपला पाहिजे, आणि झोपलेल्या साध्या पेटीने ४ वॅटांहून अधिक घेऊ नये. १९९२ चे ३० वॅट आणि हे ४ वॅट! आणखी महत्त्वाचे म्हणजे नुसत्या झोपेवर विसंबणे सोडून दिले गेले. जागे पण रिकामे बसलेले यंत्र किती वीज घेते, यालाही प्रथमच मर्यादा आली. यंत्र कदाचित झोपणारच नाही हे गृहीत धरून नियम लिहिला गेला, यात पंधरा वर्षांच्या अपेक्षाभंगाची कबुली आम्हांला दिसते. कॅलिफोर्नियाने त्याही पुढे जाऊन डिसेंबर २०१६ मध्ये संगणकांसाठी सक्तीची मानके मंजूर केली. ती टेबलावरच्या यंत्रांना १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. ऐच्छिक चिन्हाचे सक्तीच्या कायद्यात रूपांतर व्हायला सत्तावीस वर्षे लागली.

मधल्या काळात काचेचे पडदे गेले, सपाट पडदे आले. टेबलावरच्या पेटीच्या जागी लॅपटॉप आले आणि बॅटरीच्या टंचाईत वाढलेला तो धाकटा भाऊ थोरल्याच्या गादीवर बसला. आमच्या मते रात्रीच्या विजेतली सर्वांत मोठी घट या वारसबदलातून झाली असावी. भिंतीवरच्या सूचनांना तिचे श्रेय देणे कठीण आहे. मात्र कथा सरळ पुढे गेली असेही नाही. २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरी गेली आणि घरून कचेरीतल्या पेटीत शिरता यावे म्हणून कित्येक पेट्या रिकाम्या इमारतींत रात्रंदिवस जाग्या ठेवल्या गेल्या. कार्यालयीन वेळेबाहेरची वीज म्हणजे काय, हा प्रश्नच तेव्हा उलटापालटा झाला, कारण कार्यालयीन वेळेतही कार्यालयात कोणी नव्हते. आणि २०१२ च्या 'विंडोज ८'पासून लॅपटॉपमध्येही एक नवी निद्रा शिरली आहे. झाकण मिटले, दिवा मालवला, तरी आत यंत्र जाळ्याशी बोलते, निरोप उतरवून घेते, पिशवीतल्या पिशवीत तापते. श्वाननिद्रा म्हणतात ती हीच.

आपल्याकडे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००६ पासून फ्रीजवरच्या तारा घराघरांत परिचयाच्या झाल्या. त्याच वर्षांत महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत होता. आमच्या गावी दिवसा पाच-सहा तास वीज नसे. संध्याकाळी ती आली की कार्यालयातले संगणक, कोणी तरी मुद्दाम बंद केले नसतील तर, आपापले उठून बसत आणि माणसे गेलेल्या खोलीत ब्रीदवाक्य सरकवू लागत. घरी मुले मेणबत्तीवर अभ्यास करीत होती. हे दृश्य आम्ही विसरू शकलेलो नाही, आणि त्या दिवसांत आम्ही आणखी दोन सूचना लिहिल्या हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तिसरी तर लाल शाईत होती.

शेवटी बदल झाला तो आमच्या अक्षरामुळे नाही. जुना यूपीएस बिघडला, नवा बसवायला वायरमन आला. त्याने कार्यालयातल्या सर्व संगणकांची जोडणी एका स्विचवर आणली आणि तो स्विच दाराबाहेर, दिव्यांच्या फळीशेजारी लावला. वरिष्ठ लिपिकांनी शिपाईमामांना बोलावून सांगितले, की सहा वाजता आम्ही यंत्रे रीतसर बंद करून उठू, सव्वासहाला तुम्ही हा खाली करायचा. काही बिघडले तर जबाबदारी माझी. मामांनी स्विचवर लाल रंगाचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवसापासून खिडकी अंधारली, आणि ब्रीदवाक्य फक्त प्रवेशद्वारावरच्या फलकावर राहिले.

लिपिक निवृत्त झाले, मामाही झाले. स्विच तेथेच आहे, ठिपका फिकट झाला आहे. परवा संध्याकाळी आम्ही सहज डोकावलो, तर कोपऱ्यात एकच पेटी चालू होती. ती त्या स्विचवर नाही. तिच्यावर चिकटपट्टीने एक कागद लावला आहे, 'हा बंद करू नये', खाली सही नाही. आत काय आहे, असे आम्ही नव्या लिपिकाला विचारले. तो म्हणाला, "माहीत नाही, सर. मी आलो तेव्हापासून चालूच आहे."